गोड्या करांद्याचं लग्न जमवताना

आश्विनातल्या एका सकाळी नवरदेवाचा फोटो पर्समध्ये घालून मी पुण्याहून खोपोलीच्या एसटीत बसले. शेजारच्या बाईंनी रीतीप्रमाणे चौकशी केली, कुठे निघालात. मी म्हटलं, एका स्थळाचं बघायला. त्यांचा चेहरा खुलला. मुलगा काय करतो, घरदार कसं आहे, फोटो आहे का जवळ? मी फोटो काढून दिला. त्यात बांबूच्या मांडवावर चढलेला, पानांवर काळे ठिपके पडलेला एक वेल होता. बाईंनी फोटो परत दिला, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि बोरघाट उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

खोटं मी बोलले नव्हते. पुण्यातल्या एका वनस्पती उद्यानात मी तीस वर्षं नोकरी केली आणि येत्या डिसेंबरात निवृत्त होणार होते. निवृत्तीआधी एक लग्न जमवायचं होतं, ते माझ्या गोड्या करांद्याचं.

करांदा हा रानातला वेल. मातीत त्याला कंद धरतो आणि पानांच्या बगलेत बटाट्यासारखे छोटे कंद लोंबतात. रानातले बहुतेक करांदे जहर कडू. राखेच्या पाण्यात उकळा, पाणी ओता, पुन्हा उकळा, तेव्हा कुठे ते तोंडात घेण्याजोगे होतात. पण कर्जतच्या डोंगरपायथ्याला क्वचित एक जात मिळते, ती एका उकळीत खाण्यासारखी होते. बिचारीचं हेच नशीब फुटकं. कडव्याला कोणी हात लावत नाही, गोडाला कोणी सोडत नाही. अकरा वर्षांपूर्वी पळसदरीच्या वरच्या अंगाला मला तो वेल दिसला, मी कंद उकरला आणि पुण्याला नेऊन वाढवला.

आता आमच्या बागांची एक पद्धत सांगते. दुर्मीळ झाड कुठलीच बाग एकटी सांभाळत नाही. त्याचं रोप दुसरीकडे, तिसरीकडे देऊन ठेवायचं. एकीकडे वणवा लागला, कीड पडली, नाहीतर माळी नेमका उन्हाळ्यात रजेवर गेला, तर दुसरीनं ते परत द्यायचं. मोठ्या बैठकांत आम्ही याला भारदस्त नावं देतो. खरं तर हे शेजारणीकडे विरजण ठेवण्यासारखं आहे. तर मीही माझ्या करांद्याचे कंद एक कोल्हापूरच्या बागेला आणि एक कर्नाटकातल्या बागेला पाठवले. वा वा झाली. तिन्ही बागांतल्या पाट्यांवर 'संग्राहक' म्हणून माझं नाव लागलं.

भानगड अशी की करांद्यात नरवेल वेगळा आणि मादीवेल वेगळा. माझा निघाला नर. आणि बाकी दोन्ही बागांत गेलेले त्याचेच तुकडे. म्हणजे तीन राज्यांत नाही म्हटलं तरी दोन राज्यांत, तीन बागांत मिळून एकच ब्रह्मचारी. बी धरणार कुठून? अकरा वर्षं मी पाहुण्यांना सांगत राहिले, 'शेंग अजून धरलेली नाही, हवामानाचा फरक असावा.' हवामान बिचारं काय बोलणार.

यंदाच्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या बागेतल्या देसायांचा फोन आला. "बाई, आमचा गेला वो. पानावर काळं ठिपकं आलं, मग मुळाला काळी कूज लागली. तुमच्यातला एक द्या." मी मांडवाकडे बघितलं तर माझ्याही पानांवर तेच ठिपके. आठवड्यानं कर्नाटकातूनही तीच बातमी. एकाच अंगाचे तिघे, एकाला जे झालं ते सगळ्यांना होणार. मी दोन रात्री झोपले नाही. मादीवेल मिळाला, बी धरलं, तर वेगवेगळ्या रक्ताची रोपं होतील आणि त्यातली काही तरी या कुजीला तोंड देतील. नाही मिळाला, तर मी निवृत्त होईन आणि माझ्या नावाच्या तीन पाट्या तीन रिकाम्या वाफ्यांवर उभ्या राहतील.

मादीवेल शोधायला देसाईही येणार होते, ते खोपोलीला माझ्याआधीच पोहोचले होते. जाडजूड माणूस, गळ्यात भिंग, हातात वडापाव. "तिखट नाही वो हे," ही त्यांची खोपोलीबद्दलची पहिली तक्रार. दुसरी अशी की हिरवी मिरची मागितली तर तीही गोड निघाली. मागे घाटातून वीजघराकडे येणारे लठ्ठ पाइप उन्हात चमकत होते, कारखान्यांची पाळी सुटली होती, आणि देसाई तांबड्या रश्श्याच्या आठवणीत उभे होते.

अनंताची रिक्षा मी फोन करून आधीच सांगून ठेवली होती. अनंता भिसेगावचा, पन्नाशीचा, शेती थोडी आणि रिक्षा जास्त. खोपोली सोडल्यावर दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलं होतं. दोन खाचरं झाली की एक फार्महाऊसची पाटी, पुन्हा दोन खाचरं, पुन्हा पाटी. पाट्यांवर निळे तलाव आणि पाण्यात पाय सोडून बसलेली गोरी माणसं.

"करांदं बघाय येवढ्या लांबून?" अनंता म्हणाला. "बाजारात मिळतात की पावशेरानं."

"बाईमाणूस करांदा पायजे," देसाई मागून म्हणाले.

अनंतानं आरशात आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "घरी गेल्यावर आमच्या म्हातारीला सांगतो. तिला असल्या गोष्टी आवडतात."

पळसदरीला रिक्षा धरणाच्या अलीकडे थांबली. सुट्टीचा वार नव्हता, त्यामुळे पाण्याशी गुराखी आणि बगळे एवढेच होते. तिथून वाडीकडे जाणारी पायवाट मला तोंडपाठ आहे असं मी देसायांना ठणकावून सांगितलं आणि पहिल्याच फाट्याला चुकले. अनंता पुढे झाला.

पायवाट सापडली आणि दहा पावलांत पहिला करांदा दिसला. देसायांनी भिंग लावलं. मादीवेलाला या दिवसांत पंखांसारख्या तीन पाखांच्या शेंगा असतात. याला नुसते वाळलेले तुरे. नर. पुढे दुसरा, नर. मग तिसरा. वाटेच्या दोन्ही कडांना, अगदी हाताला येईल असे, एकामागून एक वेल होते. सातवा मोजून मी थांबले. सात वेल आणि सातही नर. रानात असं होत नाही. देसाई म्हणाले, "बाई, ही तर वराकडची मंडळी वाटतायत. वधूपक्ष कुठं हाय?"

एवढ्यात त्यांना एक वेगळी शेंग दिसली. मखमली, छान लव असलेली. वनस्पतिशास्त्राची मोठी पदवी घेतलेल्या त्या माणसानं ती प्रेमानं कुरवाळली आणि मला तिचं शास्त्रीय नाव सांगायला सुरुवात केली. नाव पुरं व्हायच्या आत ते नाचायला लागले होते. ती खाजकुयरी होती. अनंता खाली बसून हसला. मीही हसले, कबूल करते.

अशा थाटात आम्ही ठाकरवाडीत शिरलो. पुढे अनंता, मध्ये मी आणि मागे अंग खाजवत, उड्या मारत देसाई. पहिल्याच घराच्या ओटीवर एक म्हातारी उकडलेल्या करांद्यांची सालं काढत बसली होती. ही चांगुणाबाई. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, केस पांढरेशुभ्र आणि हात मात्र भराभर चालणारे. तिनं देसायांकडे एकदा बघितलं, आत गेली, परातीत ओलं शेण घेऊन आली.

"चोळा," ती म्हणाली.

"काय?"

"हाताला. तोंडाला पन, हात लावला आसंल तर."

देसायांनी लावला होता. पुढचा तासभर कोल्हापूरच्या बागेचे प्रमुख शेणानं सारवून अंगणात उन्हाला बसले होते. खाज मात्र उतरली, हे त्यांनीच नंतर प्रामाणिकपणे सांगितलं.

चांगुणाबाईनं मग मला नीट न्याहाळलं. "तुमी ती टोपीवाली ना?"

अकरा वर्षांपूर्वी मी रुंद काठाची टोपी घालत असे. मला आनंद झाला. म्हटलं, ओळख ठेवली तुम्ही.

"ठेवनारच. माझा येल उकरून न्येला तुमी. वाटंवरचा. आन बाजूला माझी खणती व्हती, ती पन न्येली."

माझे कान गरम झाले. ती खणती! कंद उकरायची, टोकाला लोखंड असलेली ती काठी मला झाडीत 'पडलेली सापडली' होती. आमच्या बागेतल्या छोट्या संग्रहालयात ती काचेच्या कपाटात आहे, खाली पाटी आहे, 'पारंपरिक अवजार', आणि तिच्या दांड्यावर मी स्वतः पांढऱ्या रंगात नंबर घातलाय. आणि करांद्याच्या नोंदीत मी लिहिलं होतं, 'नैसर्गिक जंगलातून'. रान दिसलं की ते कोणाचंच नाही असं आम्हा शहरातल्या शिकलेल्या माणसांना वाटतं. अंगणातून कोणी तुळस उपटून नेली असती तर मी पोलिसात गेले असते.

"तो वेल तुम्ही लावलेला होता?" मी विचारलं.

"वाटंवरचं समदं येल मीच लावलंत."

"सगळे नर आहेत ते."

"मंग?" चांगुणाबाईनं करांद्याचं साल फटकन ओढलं. "येनारा-जानारा उपटून न्येतो. रईवारचं पिकनिकवालं न्येतात, गाडीवालं न्येतात, तुमच्यासारकं टोपीवालं न्येतात. म्हनून वाटंवर बाप्यावेल लावायचं. कांदं बारीक, बी धरत नाय, ग्येलं तरी जीव तुटत नाय. बाईवेल घराच्या मागं."

शेण लावलेले देसाई अंगणातून मोठ्यांदा हसले. मी हसले नाही. अकरा वर्षं, तीन बागा, माळ्यांचे पगार, ठिबकच्या नळ्या, पाट्या आणि माझे दोन शोधनिबंध, हे सगळं आम्ही चोरांसाठी लावलेल्या वेलावर खर्च केलं होतं. आणि तो चोर मी होते.

तिनं आम्हाला मागे नेलं. न्हाणीच्या पाण्यावर, आंब्याच्या आधारानं तीन वेल वर गेले होते आणि तिन्हींना तीन पाखांच्या शेंगांचे घोस लगडले होते. बगलेत टपोरे कंद. मी शेंगेला हात लावायला गेले आणि लावायच्या आधी तिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली, नको म्हणून.

मग मी भाषण केलं. करायला नको होतं, पण तीस वर्षांची सवय. एकाच ठिकाणी ठेवलं तर धोका असतो, म्हणून बागा एकमेकींना झाडं देतात, एकीचं गेलं तर दुसरी परत देते, असं समजुतीच्या सुरात सांगत गेले. चांगुणाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी लेकी देता तसं," ती म्हणाली.

तेव्हा मला या वाडीची रीत कळली. बाईवेलाचा कांदा, म्हणजे कंद, वाडीबाहेर जातो तो फक्त लेकीच्या ओटीतून. लग्न होऊन जाताना ओटीत घालायचा, तिनं सासरी परसात लावायचा. आणि माहेरचा वेल गेला, तर लेकीनं आणून द्यायचा. चांगुणाबाईच्या आईचा वेल दोनदा गेला होता आणि दोन्ही वेळा तो खालापूरकडे दिलेल्या लेकीकडून, म्हणजे चांगुणाबाईच्या बहिणीकडून, परत आला होता. आम्ही बैठका घेऊन जे ठरवलं, ते इथं ओटीतून चाललं होतं.

"तुमची लेक कुठे असते?" मी विचारलं.

"खोपोलीला. तिसऱ्या माळ्यावर." तिचा आवाज पहिल्यांदा उतरला. "डब्यात लावला व्हता तिनं. घरमालकानं काढाय लावला, भित्तीला वल येती म्हनून. बहीन मेली, तिची पोरं परस विकून बसली. आता हितं हाय तेवढाच."

म्हणजे तिचाही वेल एकाच ठिकाणी होता. अनंता बराच वेळ कुंपणाला टेकून उभा होता, तो म्हणाला, "आजी, ही बाई हाय की. हिला परस केवढं, बागच हाय. कर लेक."

"चोराला लेक करू?"

"जावई चोर आसतात, ते चालतात ना?"

चांगुणाबाई पदर तोंडाला लावून हसली. मग माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला तीस वर्षांपूर्वीचं माझं स्वतःचं दाखवणं आठवलं. तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते.

"जेवा आदी," ती म्हणाली.

तांदळाची भाकरी, उकडलेले करांदे, मीठ आणि ठेचा. गोडा करांदा मी अकरा वर्षं सांभाळला होता, खाल्ला मात्र पहिल्यांदाच. पिठूळ, किंचित कडसर आणि मागे राहणारी गोडी. इतकं चांगलं काहीतरी मी नुसतं पाटी लावून ठेवलं होतं याची मला शरम वाटली. देसायांनी ठेचा बघून 'हे काय, कोल्हापूरला पोरं खातात' असं म्हटलं आणि बोटभर घेतला. नंतर ते तीन तांबे पाणी प्यायले. जिल्ह्याच्या तिखटाबद्दल त्यांनी पुन्हा तक्रार केली नाही.

जेवण झाल्यावर चांगुणाबाईनं मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटीत तांदूळ आणि बाईवेलाचे पाच कांदे घातले. नवरात्राचे दिवस होते, शेजारच्या दोघीतिघी बघायला आल्या. अठ्ठावन्न वर्षांची, चष्मा लावलेली, पँटवर ओढणी बांधून ओटी धरलेली लेक त्यांनी पहिल्यांदाच बघितली असावी.

"खणती आनून द्ये," निरोप देताना ती म्हणाली. 'तुमी'वरून ती 'तू'वर आली होती. रिक्षात बसेपर्यंत मला ते नीट लक्षात आलं नाही. आलं तेव्हा डोळे भरले आणि देसायांनी सभ्यपणे दुसरीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या कानामागे अजून शेण होतं.

परतीच्या एसटीत मी ओटी मांडीवर धरूनच बसले. पुण्यात तीन कांदे लावले, एक देसायांना दिला, एक कर्नाटकात पाठवला. नोंदवहीत 'कुठून मिळाले' या रकान्यात बराच विचार करून 'माहेर' लिहिलं. वरिष्ठांनी ते खोडलं, मी पुन्हा लिहिलं, आणि डिसेंबरात निवृत्त झाल्यामुळे तो वाद तिथेच राहिला. पुढच्या भादव्यात मांडवावर मादीफुलं आली. माझा आजारी ब्रह्मचारी शेजारच्याच खांबावर तग धरून होता. त्यानं जाता जाता आपलं काम केलं. त्या थंडीत तिन्ही बागांनी बी वाटून घेतलं. खणती मात्र कपाटातच राहिली. आज नेते, उद्या नेते म्हणत मी चालढकल केली, ही माझी खोड जुनीच आहे.

फाल्गुनात अनंताचा फोन आला. वाडीमागच्या जागेत फार्महाऊसचा रस्ता निघाला होता आणि जेसीबीनं चांगुणाबाईचं परस आंब्यासकट नेलं होतं. वाटेवरचे बाप्यावेल तेवढे शाबूत होते. "आजी म्हनते, लेकीला सांग," अनंता म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मी बागेत गेले. आता तिथं माझ्या जागी नवे साहेब होते. फार सज्जन माणूस. ते म्हणाले, नियमाप्रमाणे आपण दुर्मीळ झाडं फक्त दुसऱ्या उद्यानाला देऊ शकतो. नियम मीच केला होता, त्यामुळे वाद घालता येईना. मग मी अर्ज भरला. उद्यानाचे नाव: चांगुणाबाईंचे परस, पळसदरी. प्रमुख: चांगुणाबाई. अनुभव: जन्मापासून. सहयोगी उद्यान म्हणून देसायांनी कोल्हापूरहून शिफारस पाठवली की सदर उद्यान आमच्या परिचयाचे असून तेथील उपचारव्यवस्था उत्तम आहे. साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि सही केली. खणतीसाठी वेगळा अर्ज लागला असता. तिचं मी काही विचारलंच नाही. कपाटाची किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होतं.

वैशाखाच्या शेवटी मी पुन्हा ती वाट चढले, या वेळी न चुकता. घरामागे तांबडा उघडा रस्ता होता आणि न्हाणीच्या कडेला हातभर माती तेवढी उरली होती. चांगुणाबाई वर्ष-दीड वर्षात थकलेली दिसली. मी पदर पसरायला सांगितला आणि तिच्या ओटीत तिच्याच बाईवेलावर धरलेले पाच कांदे घातले. आईची ओटी लेकीनं भरलेली शेजारणींनी पहिल्यांदाच बघितली असावी. या खेपेला मी लुगडं नेसून गेले होते.

तिनं खणती हातात घेतली. दांड्यावरचा पांढरा नंबर अंगठ्यानं घासून बघितला. निघाला नाही. मग तिनं उरलेल्या मातीत खड्डा केला, कांदा हातात फिरवून बघितला, वास घेतला. मी बाईवेलाचाच म्हणून आणला होता, पण नुसत्या कांद्यावरून नर की मादी हे तिलाही सांगता येत नाही आणि मलाही. ते फुलावरच कळतं.

तिनं कांदा ठेवला, माती लोटली, वरून तांब्याभर पाणी घातलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आता भादव्यात कळंल गं, तू लेक हायस का चोर."